नागीण, ईयोब आणि ब्लेकच्या रेषा

गेल्या वर्षी श्रावणात, नागपंचमी चार दिवसांवर आलेली असताना, बाबांच्या उजव्या बरगडीवर ओळीने फोड उठले आणि आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सदरा वर करताच ती नागीण असल्याचे सांगितले. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत विल्यम ब्लेक या इंग्रज चित्रकाराने तांब्यावर कोरलेली ईयोबाची चित्रे मी जितक्या वेळा पाहिली, तितक्या वेळा आयुष्यात दुसरी कुठलीही चित्रे पाहिली नसतील. मला लिहायचे आहे ते त्या चित्रांविषयी. बाबांच्या दुखण्याविषयी लिहिणे मी टाळले असते, पण ती चित्रे मला त्या दुखण्यातूनच वाचता आली, त्यामुळे एक वगळून दुसरे लिहिणे जमणार नाही. बाबांना विचारूनच लिहिते आहे.

ईयोबाची गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली आहे. ऊस नावाच्या देशात राहणारा हा सज्जन, देवभीरू माणूस. त्याला सात मुलगे आणि तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या. स्वर्गातल्या दरबारात सैतान परमेश्वराला म्हणतो की सगळे भरभरून मिळते आहे म्हणून हा तुला भजतो, ते काढून घे आणि मग बघ. परमेश्वर त्याला मुभा देतो. एका दिवसात गुरेढोरे जातात, घर कोसळून मुलेबाळे जातात, आणि तरीही ईयोब डळमळत नाही म्हटल्यावर सैतान दुसरी मुभा मागून घेतो, की जीव सोडून त्याच्या अंगाचे काहीही करता यावे. मग तळपायापासून टाळूपर्यंत फोड येतात आणि राखेत बसून हा माणूस खापरीने अंग खाजवत राहतो. सत्त्वपरीक्षा हा शब्द आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो आणि तो ऐकला की हरिश्चंद्र आठवतो. पण हरिश्चंद्र सोसतो आणि गप्प राहतो. ईयोब गप्प राहत नाही. बेचाळीस अध्यायांच्या त्या ग्रंथाचा मोठा भाग त्याच्या तक्रारीने, त्याच्या संतापाने आणि त्याला समजावायला आलेल्या मित्रांशी झालेल्या वादाने भरलेला आहे. ही गोष्ट मला मोलाची वाटते ती त्यामुळे.

चित्रकलेच्या अभ्यासक्रमात असताना आमच्या सरांनी ब्लेकचे एकच चित्र पडद्यावर दाखवले होते, सैतान ईयोबाला फोडांनी पीडतो आहे ते. बाबांच्या अंगावरचे फोड पाहिले त्या रात्री ते चित्र अचानक आठवले आणि मी ते फोनवर शोधून काढले. जमिनीवर ईयोब उताणा पडला आहे, मान मागे गेलेली आहे, आणि त्याच्या अंगावर पाय रोवून सैतान उभा आहे. एका हाताने तो कुपी उपडी करून व्याधी ओततो आहे आणि दुसऱ्या हातात बाण आहेत. हा सैतान विद्रूप नाही. तो तरुण, देखणा आणि पिळदार आहे, आणि त्याचा हा देखणेपणाच मला सगळ्यात भयंकर वाटतो. मागे क्षितिजावर सूर्य बुडतो आहे. ईयोबाच्या पायांशी त्याची बायको गुडघ्यांवर बसून, तोंड झाकून रडते आहे. बायबलमध्ये ही बाई एकदाच बोलते, ‘देवाला शिव्या दे आणि मरून जा’ असे काहीसे म्हणते, आणि त्यानंतर गोष्टीत फारशी दिसत नाही. ब्लेकने मात्र तिला जाऊ दिलेले नाही. सुखात, राखेत, वादळात, शेवटच्या आनंदात, ती नवऱ्याच्या शेजारी असतेच. आईला मी हे चित्र दाखवले नाही. ती तेव्हा कापसाच्या बोळ्याने कॅलामाइन लावत होती, सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नव्हता म्हणून बाबा उघडेच बसलेले असत, आणि तिचा चेहरा मला पाठीमागून दिसत नव्हता.

नागिणीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. लहानपणी कांजिण्या आलेल्या माणसाच्या अंगातून त्या विषाणूचे बूड पूर्णपणे हलत नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो, कारण तंतूंची जोडी डावी-उजवीकडे वेगवेगळी असते. नागिणीची दोन्ही टोके कमरेभोवती जुळली की माणूस जातो, ही समजूत मी आजीकडून ऐकली होती. त्या रात्री मीसुद्धा टॉर्च घेऊन बाबांच्या पाठीवरची टोके कुठवर आली आहेत ते पाहिले, हे कबूल करायला हवे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो, आणि सुदैवाने आम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचलो होतो. फोड तीन आठवड्यांत सुकले. आग मात्र राहिली. फोड गेल्यावरही मज्जातंतूची वेदना महिनोन्‌महिने राहू शकते, आणि बाबांची ती दिवाळी उलटून गेल्यावर हळूहळू उतरली.

पण मला ज्याविषयी बोलायचे आहे ते ती आग चालू असतानाच सुरू झाले, म्हणजे माणसे भेटायला येऊ लागल्यावर.

आपल्याकडे दुखणेकऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य मानतात आणि त्याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. नारळपाणी, मोसंबी, घरच्या मऊ भाताचे डबे, सगळे आले. त्याबरोबर कारणेही आली. एकीने विचारले की कुलदेवतेला जाऊन किती वर्षे झाली. एकाने गेरूचा लेप लावायला सांगितला आणि लगेच ‘पण हे नुसतं वरून जायचं नाही’ असेही सांगितले. आणि बाबांचे एक दूरचे भाऊ, ज्यांच्या आपुलकीविषयी मला शंका नाही, खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, ‘‘आठवून बघ, तुझ्या हातून कधी साप मारला गेलाय का?’’

बाबा हसले. मीही तो विषय तिथेच संपला असे समजले. पण रात्री दीडच्या सुमाराला ते आईला उठवून सांगत होते की गावी असताना, आठ-नऊ वर्षांचे असतील तेव्हा, गोठ्यात निघालेल्या एका धामणीला पोरांनी मिळून ठेचले होते आणि पहिला दगड कुणाचा होता ते त्यांना नीट आठवत नव्हते. त्यानंतरच्या कितीतरी रात्री त्या दगडात गेल्या. ज्या माणसाने चोवीस वर्षे ॲसिडच्या वाफेत उभे राहून छपाईचे ब्लॉक बनवले, कुणाचा एक पैसा बुडवला नाही, तो माणूस रात्री पलंगाच्या कडेला बसून एका धामणीचा हिशेब करत होता. मला त्या भेटीचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

ब्लेकच्या एकवीस चित्रांच्या मालिकेतले दहावे चित्र मी नेमके त्या आठवड्यात पाहिले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र दूरदूरच्या गावांहून ईयोबाचे सांत्वन करायला आलेले आहेत आणि आता त्यांचे बोलून झाले आहे, किंवा बोलणे टिपेला पोचले आहे. ईयोब गुडघ्यांवर आहे, नजर वर लावलेली आहे, शेजारी बायको आहे. समोर ते तिघे एकमेकांना चिकटून बसले आहेत आणि तिघांचे सहाही हात समांतर, ताठ, ईयोबाकडे रोखलेले आहेत. बाकी काही घडत नाही. वीज नाही, अग्नी नाही, सैतान तर चित्रात कुठेच नाही. पण त्या सहा हातांची दिशा पाहिली की फोडांच्या त्या सहाव्या चित्रातले सैतानाचे बाण आठवल्यावाचून राहत नाहीत, आणि माझ्या मते ब्लेकला तेच म्हणायचे आहे: सैतानाचे उरलेले काम आता मित्रांनी हाती घेतले आहे. चित्राखाली शब्द आहेत की न्यायी, सरळ माणसाचे हसे होते आहे. आणि कडेच्या मजकुरात ईयोबाची विनवणी आहे, मित्रहो, माझ्यावर दया करा, दया करा, कारण देवाच्या हाताने मला स्पर्श केला आहे. तिथेच दुसरे एक वाक्य आहे, की त्याने मला पारखले की मी सोन्यासारखा बाहेर येईन. तावून सुलाखून निघणे म्हणतात ते हेच, पण ते ईयोबाने स्वतःविषयी म्हणायचे आहे. दुसऱ्याने त्याला ते ऐकवले की त्याचाही सातवा हात होतो.

मित्रांचे म्हणणे तसे साधे आणि धार्मिक आहे: देव न्यायी आहे, दुःख ही शिक्षा असते, म्हणजे तू काहीतरी केले असलेच पाहिजेस, आठवून बघ. ‘आठवून बघ’ हे शब्द मी आमच्या बैठकीच्या खोलीत ऐकले होते.

आणि मग अकरावे चित्र. खरे सांगायचे तर ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी फोन पालथा ठेवला. ईयोब चटईवर पडलेला आहे आणि त्याच्यावर, तोंडासमोर तोंड येईल असा, दाढीवाला परमेश्वर आडवा तरंगतो आहे. खालून ज्वाळांमधून हात वर आले आहेत, त्यांच्याकडे साखळ्या आहेत आणि ते ईयोबाला खाली ओढत आहेत. वर तरंगणाऱ्या परमेश्वराचा एक हात नियमशास्त्राच्या शिळांकडे रोखलेला आहे. त्याच्या अंगाभोवती वेटोळे घालून एक साप आहे. आणि त्याच्या पायाकडे पाहिले की तिथे माणसाचा पाय नसून दुभंगलेला खूर आहे. हा परमेश्वर नव्हेच, सैतान आहे; पण त्याने चेहरा परमेश्वराचा घेतला आहे, आणि ब्लेकच्या या मालिकेत परमेश्वराचा चेहरा पहिल्यापासून ईयोबाच्याच चेहऱ्यासारखा असल्यामुळे, झोपेत ईयोबाच्या छातीवर ओणवा झालेला तो एका अर्थी ईयोबच आहे. कडेला बायबलमधली वाक्ये कोरली आहेत: रात्री माझी हाडे आतून टोचली जातात आणि माझ्या शिरांना विसावा नाही, माझी कातडी काळी पडली आहे, हाडे दाहाने जळली आहेत. मज्जातंतूच्या वेदनेचे इतके नेमके वर्णन मला डॉक्टरांच्या माहितीपत्रकातही मिळाले नव्हते.

या मालिकेच्या अगदी मध्यावर ब्लेकने हे चित्र ठेवले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गुरेढोरे जाण्याने, मुले जाण्याने, फोडांनी ईयोबाचा देव त्याच्यापासून हिरावला गेला नव्हता. तो हिरावला गेला सांत्वनानंतर. सहा हात दहाव्या चित्रात रोखले गेले आणि लगेच पुढच्या चित्रात देव सापाच्या वेटोळ्यात, खूर घेऊन छातीवर आला. मूळ ग्रंथात हा क्रम इतका स्पष्ट नाही. तिथे भाषणांमागून भाषणे चालू राहतात. ब्लेकने तो शोधून काढला आणि दोन चित्रे एकापाठोपाठ एक ठेवून कोरला. बाबांच्या रात्री जवळून पाहिल्यामुळे मी सांगू शकते की त्याने तो बरोबर शोधला आहे.

एका रविवारी मी धीर केला. एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून सगळ्या चित्रांच्या मोठ्या प्रती उतरवून घेतल्या आणि गावदेवीजवळच्या एका दुकानात छापून आणल्या. मूळ चित्रे कडेच्या नक्षीसह साधारण २२ सेंटिमीटर उंच आणि १७ सेंटिमीटर रुंद आहेत, त्यामुळे ए-फोर कागदावर ती खऱ्या मापात मावतात. अकरावे चित्र मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवले होते. बाबांना गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण त्यांचे लक्ष कागदांकडेच होते. कपाटातले जुने भिंग काढायला लावले, पहिल्या चित्रावर ठेवले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘हे तू आणलंस ते चित्र नाही. चित्राच्या फोटोचे ठिपके आहेत. पण रेषा कळतेय.’’

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात ब्लॉकमेकर होते. वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, औषधांची खोकी, सगळ्यांसाठी जस्ताचे ब्लॉक तिथे बनत. रेखाचित्र असेल तर लाइन ब्लॉक, फोटो असेल तर हाफटोन. ऑफसेट छपाई आल्यावर तो धंदा बघता बघता संपला. त्यांच्या ब्लॉकमध्ये ॲसिडने पार्श्वभूमी खाल्ली जायची आणि उरलेल्या उंचवट्यावर शाई लागायची. ब्लेकचे काम याच्या नेमके उलटे आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर ब्यूरिन नावाचे धारदार पोलादी हत्यार तळहाताने पुढे रेटत रेघ कोरायची, तांब्याची बारीक कुरळी साल निघत जाते, कडेला उठलेली कूस खरवडून काढायची. मग पूर्ण पत्र्यावर शाई चोपडून ती पुसून टाकायची, म्हणजे फक्त खाचेत उरते, आणि ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांमधून दाबाने ओढायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलून आणतो. वळणदार रेघ हवी असेल तर हात नाही, पत्रा फिरवायचा. काळे म्हणजे खोल आणि दाट रेघा, करडे म्हणजे विरळ रेघा, आणि पांढरे म्हणजे जिथे हत्यार लागलेच नाही तो कोरा कागद. रेघ चुकली तर ती खरवडून, मागून हातोडीने ठोकून पत्रा पुन्हा सपाट करावा लागतो. शिवाय सगळे उलटे, आरशातल्यासारखे, कडेची अक्षरेसुद्धा.

‘‘आणि ॲसिड?’’ बाबांनी विचारले. मी सांगितले की त्या काळचे बहुतेक कोरीवकार आधी ॲसिडने चित्राचा ढाचा पाडून घेत आणि मग हत्यार लावत, पण या चित्रांसाठी ब्लेकने ते टाळले. सगळे थेट ब्यूरिनने कोरले, ड्यूरर वगैरे जुन्या उस्तादांसारखे. बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हातारा होता का?’’

होता. ब्लेकचा जन्म १७५७चा. १७७२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो लंडनमधल्या जेम्स बसायर या कोरीवकाराकडे सात वर्षांच्या उमेदवारीला राहिला, आणि त्यानंतर जन्मभर पोट बहुतांशी दुसऱ्यांच्या चित्रांचे कोरीवकाम करूनच भरले. ईयोब त्याच्या मनात फार आधीपासून होता. १७९३ साली त्याने या विषयावर एक मोठे स्वतंत्र चित्र कोरून विक्रीला काढले होते, आणि पुढे थॉमस बट्स या आश्रयदात्यासाठी जलरंगात अख्खी मालिका रंगवली होती. पण म्हातारपणी कामे आटली. १८२१ साली त्याला आयुष्यभर जमवलेला जुन्या छापचित्रांचा संग्रह विकावा लागला. १८२२ साली रॉयल अकादमी या कलासंस्थेने मदत म्हणून २५ पौंड दिले. तेव्हा जॉन लिनेल या तरुण चित्रकाराने पुढे येऊन २५ मार्च १८२३ रोजी त्याच्याशी लेखी करार केला: ईयोबाची मालिका तांब्यावर कोरायची, त्याचे १०० पौंड, आणि नफा झालाच तर आणखी १०० पौंड. लंडनमधल्या स्ट्रँड रस्त्याजवळच्या फाउंटन कोर्टमधल्या दोन खोल्यांत बसून पासष्ट ओलांडलेल्या ब्लेकने एकवीस चित्रे आणि एक मुखपृष्ठ कोरले. कडेची नक्षी आणि वचने ही नंतर सुचलेली भर होती; ती त्याने आधी कागदावर न काढता थेट पत्र्यावर कोरली. त्याच वर्षांत त्याला थंडी वाजून येण्याचे झटके येत असत आणि लिनेलला लिहिलेल्या पत्रांत तो त्यांचा उल्लेख करतो. १८२६च्या मार्चमध्ये संच बाहेर पडला, एकूण ३१५ प्रती. विक्री फारशी झाली नाही. ऑगस्ट १८२७ मध्ये तो गेला. ते पत्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

पहिल्या प्रतींवर कोपऱ्यात ‘प्रूफ’ हा शब्द कोरलेला होता आणि पुढच्या प्रतींसाठी तो पत्र्यावरून काढून टाकला, हे सांगितल्यावर बाबांना फार बरे वाटले. तो शब्द त्यांचा होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणीतरी निघाल्यासारखे ते खुर्चीत सरळ बसले.

मग त्यांनी गठ्ठा स्वतःकडे ओढला आणि मी लपवलेले अकरावे चित्र त्यांना सापडले. भिंग त्यांनी सापावर ठेवले नाही, ईयोबाच्या तळव्यांवर ठेवले, जे त्याने वरच्या ओझ्याला अडवायला उचलले आहेत. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘रात्री असंच होतं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘ह्याला कुणीतरी सांगितलंय तसं.’’

मी त्यांना दहावे चित्र दाखवले. त्यांनी हात मोजले. सहा. नंतर धामणीचा विषय त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. रात्री आग होतच राहिली, पण ती आग म्हणून होत राहिली. एका चित्राने हे केले असे मी म्हणणार नाही. गोळ्यांची मात्रा बदलली होती, थंडी सुरू झाली होती. पण ‘कुणीतरी सांगितलंय’ हे वाक्य ते बोलले तेव्हा मी तिथे होते.

पुढची चित्रे आम्ही भरभर पाहिली. वादळातून परमेश्वर बोलतो, पहाटेचे तारे एकत्र गातात (ब्लेकच्या चाहत्यांना हे चित्र सर्वांत प्रिय असते, आणि आहेच ते तसे), बेहेमोथ आणि लिव्याथान ही दोन अजस्र जनावरे दिसतात. मूळ ग्रंथात परमेश्वर ईयोबाला कारण सांगतच नाही. तारे, पाऊस, शहामृग, रानगाढव, पहाडी हरिणीचे विणे, यांविषयी तो बोलत राहतो आणि शेवटी मित्रांकडे वळून म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही खरे बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब खरे बोलला. जो रडला, ज्याने जन्मदिवसाला शाप दिला, ज्याने देवाकडे जाब मागितला, तो खरे बोलला. आणि जे देवाची बाजू घेऊन बोलत होते ते नाही. बाबांनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

अठराव्या चित्रात ईयोब वेदीसमोर हात पसरून, आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि ज्योत सरळ वर चढते आहे. ज्यांनी बोटे रोखली त्या मित्रांसाठी तो प्रार्थना करतो आहे. मला ते चित्र आवडत नव्हते. माझ्या मनातला राग त्या चित्रापाशी अडत होता, आणि मी ते पान उलटायला घेतले. बाबांनी माझा हात धरला. त्यांनी खालच्या कडेवर भिंग टेकवले होते. ‘‘हे बघ काय ठेवलंय इथे,’’ म्हणाले. रंगांची पाटी होती, कुंचले होते, आणि त्यांच्याजवळ, आखूड मुठीचे, निमुळत्या टोकाचे, त्यांनी आयुष्यात कधी हातात न धरलेले आणि तरी क्षणात ओळखलेले ते कोरण्याचे हत्यार होते. ‘‘स्वतःचं हत्यार ठेवलंय त्यानं. इथेच का ठेवलं?’’

मला उत्तर देता आले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही.

भिंतीवर लावायला कुठले चित्र हवे असे विचारले तेव्हा मला वाटले होते की ते शेवटचे निवडतील, ज्यात पहिल्या चित्रात झाडाला नुसती टांगलेली वाद्ये काढून सगळे कुटुंब उभे राहून वाजवते आहे. त्यांनी आठवे निवडले. त्यात ईयोब दोन्ही हात वर करून आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो आहे, आणि त्याच्या भोवती बायको आणि तिघे मित्र चेहरे लपवून, वाकून बसलेले आहेत. तोंड उघडण्याआधीचे मित्र. खालच्या कडेला ओळ आहे की ते त्याच्याबरोबर सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि कुणीही त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते.

ते चित्र आता बाबांच्या पलंगाच्या डोक्याशी, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेले आहे. कार्तिकात कारखान्यातले त्यांचे जुने सहकारी कोपरीहून भेटायला आले, तेव्हा बाबांनी त्यांना पहिल्यांदा भिंग दिले आणि नंतर खुर्ची. चहा निवून गेला तरी दोघे अठराव्या चित्रावर वाकून, भिंगाची आलटूनपालटून देवघेव करत, वेदीच्या सावलीतल्या रेघा मोजत होते. एकशे चाळीसच्या पुढे त्यांचा आकडा चुकला आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.